मंदाताईंचा संशय

एका सकाळी गुडगावहून भाचीचा फोन आला, "मामी, आई गेली…" आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "खरं सांग." असं कोणी विचारतं का? पण माझ्या नणंदेच्या, मंदाताईंच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर कुठलीही बातमी उलटसुलट तपासून घ्यायची सवय अंगात मुरली होती. आता महिना होत आला. कोणी त्यांचे गोडवे गायले असते तर "हिला काय हवंय?" असंच त्यांनी विचारलं असतं. म्हणून मी आपली त्यांच्या संशयाबद्दलच लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या दिल्लीच्या करोल बागेतलं भाड्याचं घर सोडून गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेल्या. आजूबाजूला शेतं, मधेच एखादी काचेची इमारत, पाणी टँकरचं आणि वीज मर्जीची. टँकरवाल्यापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांवर त्यांचा संशय. अशात एक दिवस त्यांची पुण्याची शाळेतली मैत्रीण कुसुम हिचा फोन आला. दिल्लीत आलेय, भेटायला येऊ का? "जेवायलाच ये," असं तिला तोंडभरून सांगून त्यांनी लगेच मयूर विहारला माझ्या घरी फोन लावला. "सुनंदा, उद्या मदतीला ये. आणि डोळे उघडे ठेव. इतक्या वर्षांत फोन नाही, आताच कशी आठवण झाली?" तेव्हा परदेशी कंपन्यांचे शाम्पू-टूथपेस्ट ओळखीपाळखीत खपवायची साथच आली होती. जुने स्नेही जेवायला यायचे आणि हात धुऊन झाले की बॅग उघडून बसायचे. "बघ तू, ही बॅग घेऊनच येणार."

गंमत म्हणजे इतका संशय मनात ठेवून बाईंनी स्वयंपाक मात्र जीव ओतून केला. तिथल्या जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून ती सकाळपासून भिजत घातली. बाजारच्या चक्क्यावर विश्वास नाही, म्हणून दही घरी टांगलं. वांगी घेताना भाजीवाल्याला दम दिला, "भैया, अंदर कीड़ा निकला तो वापस लाऊँगी." मी नेलेल्या गोड्या मसाल्याचाही वास घेतला. "दगडफूल घातलंयस ना? की विसरलीस?"

कुसुमताई आल्या त्या खांद्याला भली मोठी बॅग अडकवून. मंदाताईंनी मला कोपरानं ढोसलं. ताटं वाढली. भरली वांगी, आमटी-भात, श्रीखंड… कुसुमताई तोंडभर कौतुक करत होत्या, पण घास काही खाली उतरत नव्हता. यजमान पुण्यालाच आहेत, मजेत आहेत, असं न विचारताच त्यांनी दोनदा सांगितलं. मंदाताईंची नजर त्या बॅगेवरून हळूहळू मैत्रिणीच्या चेहऱ्यावर गेली. मग हातातला डाव खाली ठेवून त्या म्हणाल्या,

"कुसुम, तुझ्या पदराला दवाखान्याचा वास येतोय. कोण आहे?"

कुसुमताई ताटावरच रडायला लागल्या. यजमानांचं दिल्लीतच ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलचे राजमा-रोटी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते, ते मऊ भात आणि आमटी मागत होते. बॅगेत रिकामा डबा होता. पण इतक्या वर्षांनी भेटून एकदम डबा कसा पुढे करायचा?

"मी म्हणत नव्हते, काम असणार?" डबा भरता भरता मंदाताई मला म्हणाल्या. आवाज विजयाचा, डोळे मात्र पुसत होत्या. यजमान चालते होईपर्यंत रोज गुडगावहून डबा गेला. फक्त एक अट होती. "धुऊन पाठवायचा नाही. धुतलेल्या डब्यावरून मला काय कळणार, काय खाल्लं नि काय टाकलं?"

यंदा त्या स्वतः आजारी पडल्या आणि माझा डबा गुडगावला जायला लागला. वाटीला लागलेल्या आमटीवरून मीही अंदाज बांधायला शिकले. मग एके दिवशी डबा लख्ख घासून परत आला. फोन केला तर म्हणाल्या, "अगदी सगळं संपवलं. आमटी फार छान झाली होती." माझ्या आमटीला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी छान म्हटलं नव्हतं. मी तशीच निघाले. टॅक्सी करून गेले.

"जात नाही गं आता," त्या म्हणाल्या.

"मग मला फसवलंत कशाला?"

"कळलं ना तुला? मग कुठे फसवलं?" आणि हसल्या… हसताना दम लागला त्यांना.

त्या गेल्यावर मला स्वयंपाकघरात जावंसंच वाटेना. परवा पुण्याहून कुसुमताईंचा फोन आला. जेवलीस का, म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, जेवले की."

मग म्हणाल्या, "काय जेवलीस?"

"खरं सांगू? काहीच नाही," असं म्हणून मी उठले आणि तूरडाळ भिजत घातली.