काळी पट्टी, नंबर चौदा

पुण्याची पोस्टिंग मिळाली तेव्हा मी लष्कराच्या मेडिकल कोअरमध्ये हवालदार होतो. घर शहराजवळच, मांजरी गावात. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच दर रविवारी घरचं जेवण मिळू लागलं. बायको म्हणाली, आता तुमची सवय करून घ्यावी लागेल. दिवस सुखाचे होते.

काम मात्र वेगळं होतं. देशाच्या अणुचाचण्या नुकत्याच झाल्या होत्या. शहरावर बॉम्ब पडलाच तर जखमींचं काय करायचं, हे आम्ही जवानांना शिकवायचो. सहाला पीटी, आठला वर्ग. हिरवी पट्टी चालू शकणाऱ्याला, पिवळी थांबू शकणाऱ्याला, लाल आधी उचलायच्या माणसाला. काळी म्हणजे वाचणार नाही. पट्टी बांधायची आणि पुढे जायचं.

बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग घ्यायला जायचो. युनिफॉर्म पाहून दुकानदार म्हणायचे, "अहो, एकदाच बॉम्ब टाका आणि मोकळे व्हा." मी हसायचो. खरं तर मलाही ते पटायचं. माझ्याबरोबरचा इन्स्ट्रक्टर, नाईक दत्ता भोर, हसायचा नाही. जुन्नरकडचा, कमी बोलणारा. एकदा त्यानं विचारलं, टाकल्यावर तिकडेही कुणी हवालदार काळ्या पट्ट्या घेऊन फिरेलच ना? मी विषय बदलला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात खडकवासल्याच्या पलीकडे माळावर एक्सरसाइज, म्हणजे मोठा सराव, झाली. जवळच्या गावातले चाळीस लोक जखमी म्हणून झोपले होते. आम्ही रबरी सूट आणि मास्क घालून साडेनऊला आत शिरलो. मास्कमधून धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही. ठकूबाई नावाच्या साठीच्या बाईंना मी काळी पट्टी बांधली. नंबर चौदा. त्या हलत नव्हत्या. काम छान करतायत, असं मनात म्हणालो आणि पुढे गेलो. माझ्यामागून सहा जवान गेले. पट्टी पाहून कुणीच थांबलं नाही.

दहा चाळीसला रेडिओवर दत्ताचा आवाज आला.

"काळी चौदा उचलतोय. ओव्हर."

कंट्रोलवर मेजरसाहेब होते. "निगेटिव्ह. काळी उचलायची नाही. ओव्हर."

"सर, बाई खरंच बेशुद्ध आहे. हातमोजा काढून पाहिलं, अंग तापलंय. ओव्हर."

उत्तराची वाट न पाहता त्यानं त्यांना खांद्यावर घेतलं. अ‍ॅम्ब्युलन्स अर्ध्या किलोमीटरवर होती. सूट घालून, त्या उन्हात, तो चढावरून पळाला. मी पोहोचलो तेव्हा ठकूबाईंना सलाइन लागलं होतं आणि दत्ता शेजारी ओकत बसला होता. ऊन लागलं होतं त्यांना. संध्याकाळपर्यंत त्या चहा मागू लागल्या.

तीन वाजता डीब्रीफ, म्हणजे सरावाचा आढावा, झालं. पट्टी मी बांधली होती, ते मी उभं राहून सांगितलं. मेजरसाहेब रागावले नाहीत. दत्ताचे विचार त्यांच्या कानावर होते. त्यांनी त्याला विचारलं, "बॉम्बला बॉम्बनं उत्तर द्यायचं की नाही? तुझं काय मत?"

"ते ठरवणारा मी नाही, सर. पण जो ठरवेल त्यानं आधी एक दिवस काळ्या पट्ट्या बांधाव्यात."

 पुढच्या एक्सरसाइजपासून काळ्या पट्टीवाल्यांजवळ एक माणूस बसवायचा, असा बदल झाला. बुधवार पेठेतल्या दुकानदारांना मी चौदा नंबरची हकिगत सांगितली. त्यांनी सामान बांधलं, आणि त्या दिवशी सल्ला दिला नाही.

पुढच्या हिवाळ्यात दत्ताची बदली उत्तरेच्या सीमेवर झाली. पोस्टवरच्या एका आजारी जवानाला आणायला दत्ता धरून चौघे निघाले होते. वाटेत बर्फाचा कडा कोसळला. तिघे जिवंत सापडले. दत्ताचा देह तिसऱ्या दिवशी मिळाला.

ही बातमी ठकूबाईंना सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाल्या, "त्याची आई हाय का?"

"आहे."

"मला घेऊन चला."

एसटीनं आम्ही जुन्नरला गेलो. ठकूबाईंनी दत्ताच्या आईला सांगितलं, की तुमच्या लेकानं मला खांद्यावर आणलं म्हणून मी आज नातवंडं खेळवते. आईनं ती हकिगत दोनदा सांगायला लावली. दत्तानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना आई थोडी हसली. मग तिनं चुलीवर भाकरी टाकली आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नाईक दत्ता भोर बत्तीस वर्षांचा होता.