पाइपावर दोन ठोके

सर्बियातल्या नोवी बेचेय गावात कुणाचं घड्याळ मागे पडायला लागलं की ते स्रेदोयेकडे जायचं. चाळीस वर्षं त्यानं गावाची वेळ सांभाळली. चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्लीही तोच द्यायचा. स्वतः मात्र तो आयुष्यात कुठे वेळेवर पोचल्याचं कुणाला आठवत नाही. लग्नालासुद्धा पाऊण तास उशिरा आला, तोवर पाद्रीबुवा घरी जाऊन सूप प्यायला बसले होते.

बुद्धिबळ क्लबात त्याला सगळे 'त्साइतनोत' म्हणत. डाव जिंकत आलाय, चाल सुचलीय, पण घड्याळात अर्धं मिनिट उरलंय, या ओढाताणीला खेळाडूंनी दिलेलं ते नाव. अशा ओढाताणीत त्यानं इतके जिंकलेले डाव घालवले की शेवटी शहाणपण सुचून तो टपालाचं बुद्धिबळ खेळू लागला. तिथे एका चालीला दिवसच्या दिवस मिळतात. पण ज्याला उशीरच करायचा, त्याला दिवस काय आणि मिनिटं काय, सारखीच पुरतात.

दोन वर्षांपासून त्याचा काउप्पिला नावाच्या फिनलंडच्या माणसाशी डाव चालू होता. हा डाव जिंकला की स्पर्धेत पहिला नंबर, आणि तीस वर्षं हुलकावणी देणारा मास्टर हा किताब. पहिल्या वीस चाली त्यानं एकट्यानं शोधल्या नव्हत्या. खालच्या मजल्यावरचा लाझार आणि तो, दोघं रोज संध्याकाळी पट मांडून बसायचे. मार्चमध्ये लाझार गेला. पुढचा डाव स्रेदोये एकटाच ओढत होता.

त्या उन्हाळ्यात स्पर्धेवाल्यांनी पोस्टकार्डं बंद केली. चाली ईमेलनंच पाठवायच्या. क्लबाच्या कप्तानानं विचारलं, आता काय करणार? स्रेदोयेनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की घरून करणार, आणि कुणाची मदत न घेता करणार. चाळीस वर्षं भिंगातून बारीक चाकं पाहिलेल्या माणसाला एक यंत्र जड नाही. बोलून मोकळा झाला आणि बसला अडकून.

यंत्र म्हणजे बहिणीच्या जावयाचा जुना लॅपटॉप. जावई श्टुटगार्टला जाताना देऊन गेला. आत फक्त लिनक्स. चोरीचं विंडोज घालणार नाही आणि विकतचं परवडत नाही, हे जावयाचं तत्त्व. लॅपटॉपला टेलिफोनची तार लावायचं भोक होतं, पण आतला मोडेम होता नावापुरता. खरा मोडेम स्वतः राबतो. हा सगळं काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात घालणारा, आणि ते कसं करायचं हे सांगणारं सॉफ्टवेअर कंपनीनं फक्त विंडोजसाठी लिहिलेलं. लिनक्ससाठी कुण्या भल्या माणसांनी ते खटपट करून बनवलं होतं आणि इंटरनेटवर ठेवलं होतं. म्हणजे इंटरनेट लागावं म्हणून जे हवं, ते इंटरनेटवर.

स्रेदोये बसनं झ्रेन्यानिनच्या वाचनालयात गेला आणि ते तीन फ्लॉपींवर उतरवून आणलं. तिसरी फ्लॉपी घरी येईपर्यंत बिघडली, म्हणून पुन्हा गेला. काउप्पिलाची नवी चालही तिथूनच छापून आणली, आणि त्याच वेळी कळलं की आपल्या खात्यावर फक्त शनिवारपर्यंतचा वेळ शिल्लक आहे. दिवस होता मंगळवार. तसा त्याला घाम फुटायला हवा होता. तो म्हणाला, चार दिवस म्हणजे राजाचा वेळ.

बुधवारी सकाळी त्यानं शिस्तीत सुरुवात केली. आठ वाजता फोन उचलून पाहिला, छान सूर येत होता. मग कॉफी. कॉफीबरोबर पट. साडेनऊला फोन काढून तीच तार लॅपटॉपला लावली, कारण भिंतीत जागा एकच. मग ते सॉफ्टवेअर लिनक्सच्या गाभ्याशी जुळवून बांधायला घेतलं. यंत्र तासभर कण्हत राहिलं आणि शेवटी पन्नास ओळींची तक्रार करून थांबलं. गाभ्याच्या काही फाइली नव्हत्याच. त्या जावयानं लॅपटॉपबरोबर दिलेल्या सीडीवर सापडल्या. पुन्हा तासभर. गुरुवारी दुपारी बांधणी बिनतक्रार पार पडली, मोडेमला हाक मारली तर त्यानं 'ओके' म्हणून उत्तर दिलं. स्रेदोयेनं स्वतःला प्लमच्या दारूचा एक छोटा प्याला ओतला. मग नंबर लावला. पडद्यावर आलं: सूर नाही.

तो हसला. एवढंच ना! माहितीपत्रकात लिहिलंच होतं, प्रत्येक देशाच्या फोनचा सूर वेगळा, मोडेमला देश सांगावा लागतो. यादी उघडली तर सर्बिया कुठेच नाही. युगोस्लाव्हिया मात्र होता, आपल्या जागी, अगदी ऐटीत. नकाशावरून पुसलेला देश मोडेमच्या पोटात जिवंत पाहून स्रेदोयेला बरं वाटलं. त्यानं तो निवडला. सूर नाही. हंगेरी निवडून पाहिला, शेजारीच तर आहे. मग ग्रीस. मग काउप्पिलाची खोड काढावी तसा फिनलंड. सूर कुठल्याच देशात नव्हता.

शुक्रवारी त्यानं मोडेमला बजावलं की सुराची वाट न बघता सरळ नंबर फिरव. तो मुकाट फिरवायचा आणि मिनिटभरानं 'पलीकडे कुणी नाही' म्हणून पडायचा. स्रेदोयेनं अख्खी बांधणी उसवून पुन्हा शिवली. दुसरी जुनी आवृत्ती, तिसरी नवी आवृत्ती. दर सकाळी आठला फोनमध्ये सूर असायचा, म्हणजे तारेचा दोष नाही. मग दोष आपल्या बांधणीचा. घड्याळजीचा तर्क होता, चाक चाकाला लागून होता. त्याच संध्याकाळी पटावर त्याला ती चाल दिसली. उंट द्यायचा. फुकट, सरळ समोर ठेवायचा. घेतला तरी मात, नाही घेतला तरी मात. हा उंट लाझारनं गेल्या हिवाळ्यात कोपऱ्यात नेऊन बसवला होता, 'राहू दे, कधीतरी लागेल' म्हणून. स्रेदोयेचे डोळे भरून आले. आता चाल होती आणि पाठवायला वाट नव्हती. वाचनालय शनिवार-रविवार बंद.

शनिवारी चार वाजेपर्यंत त्यानं जंग जंग पछाडलं. मग भिंग काढून ठेवलं, हात पुसले, आणि कप्तानाला फोन करून सांगायचं ठरवलं की डाव गेला. क्लबातली तोंडं त्याला आत्ताच दिसत होती. लॅपटॉपची तार काढली, फोन लावला, रिसीव्हर कानाला धरला.

फोन मेलेला होता. सूर नाही की खरखर नाही.

स्रेदोयेनं रिसीव्हर हातात धरून हळूहळू खाली, आपल्या पायाखालच्या गालिच्याकडे पाहिलं. आणि मग स्वतःला अशी एक शिवी दिली, जी चर्चच्या मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही.

त्या इमारतीतले सगळेच फोन जोडफोन होते. दोन घरांत एक तार, नंबर दोन. एक बोलत असला की दुसऱ्याचा मुका. स्रेदोयेचा जोडीदार फोन खाली, लाझारच्या घरी. त्यासाठी लाझारनं नियम घालून दिला होता. दोन्ही घरांतून जाणाऱ्या रेडिएटरच्या पाइपावर दोन ठोके म्हणजे लाइन द्या, तीन ठोके म्हणजे झालं, घ्या. वीस वर्षं तो पाइप बोलत होता. सप्टेंबरपासून तो गप्प होता. लाझारच्या सहामाही श्राद्धाला स्रेदोये स्मशानात पोचला तेव्हा मेणबत्त्या जळून गेल्या होत्या आणि लोक परतत होते. लाझारची बायको विदोसावा सगळ्यांसमोर एवढंच बोलली की जिवंतपणी त्यानं तुमची वाट पाहिली ती पाहिली, आता मेल्यावर तरी नका ताटकळत ठेवू. तेव्हापासून स्रेदोये जिन्यात तिची चाहूल लागली की थांबून राहायचा. फोन तर त्याला कुणी करतच नव्हतं. खालचं घर त्यानं मनातून इतकं पुसून टाकलं होतं की आपल्या तारेला दुसरं टोक आहे हेच विसरला.

आणि सोमवारी मित्रोव्हदान, लाझारच्या कुळाच्या संताचा दिवस. नवऱ्यामागे बायकोनं सण चालवायचा. म्हणजे आठवडाभर, बाजारातून आली की रात्रीपर्यंत, विदोसावा फोनवर.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. पाइपाशी उकिडवा बसला. उठला. खिडकीपर्यंत जाऊन आला. तिच्यापुढे हात पसरायचा म्हणजे सप्टेंबरचा विषय निघणार. मग पटावरच्या उंटाकडे नजर गेली. त्यानं दोन ठोके दिले.

मग जिन्यात सपाता वाजल्या आणि दारात विदोसावा उभी. कोपरापर्यंत पीठ.

"काय झालं? पडलात का कुठे?"

"नाही वहिनी. लाइन हवी होती."

"लाइन." तिनं त्याच्याकडे, मग लॅपटॉपकडे पाहिलं. "दोन महिन्यांनी पाइप वाजला. मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं. माझ्या काळजाचं पाणी झालं, आणि तुम्हाला लाइन हवी."

"चार दिवस मी हे यंत्र उसवतोय. मला वाटलं, बिघाड याच्यात आहे."

"म्हणजे मी बोलत होते, आणि तुम्ही यंत्र खोलत होतात?"

"हो."

"चार दिवस?"

"चार दिवस."

विदोसावा दाराच्या चौकटीला टेकली आणि हसू लागली. पिठाचे हात तोंडाला लावता येईनात, म्हणून तशीच, मोकळी हसत राहिली. स्रेदोयेला राग यायला हवा होता, पण ते हसू त्यानं मार्चपासून ऐकलं नव्हतं.

"पण एक सांगा," तो म्हणाला, "आपल्याकडे सणाला कुणाला बोलवायचं नसतं. येणारा आपणहून येतो. मग एवढे फोन कुणाला?"

"कोण येणार नाही ते विचारायला. नाहीतर कोबीच्या पानांत सारमा किती गुंडाळायचा ते कसं कळणार?"

मग त्यानं तिला काय अडलंय ते सांगितलं. काउप्पिला, आजचा शेवटचा दिवस, आणि उंट लाझारचा आहे हेही. ती हसायची थांबली. म्हणाली, आधीच सांगायचं की हो. आणि जायला वळली. स्रेदोयेनं लगबगीनं तार लावून नंबर फिरवला. सूर नाही. तो जिन्यात धावला.

"वहिनी, फोन!"

"अगं बाई," खालून आवाज आला, "बहीण तशीच लटकलीय की."

रिसीव्हर जागेवर आदळल्याचा आवाज झाला. स्रेदोयेनं देश पुन्हा युगोस्लाव्हिया केला आणि नंबर लावला. लॅपटॉपच्या पोटातून आधी सूर आला, मग टकटक आकडे, मग कुणीतरी पत्र्याचा डबा चाळणीत घालून हलवावा तसा किरकिराट, आणि मग शांतता. लागलं होतं. पहिल्याच फटक्यात. म्हणजे गुरुवारपासून त्याची बांधणी ठाकठीक होती. चाल पुन्हापुन्हा पडताळून पाठवली तेव्हा सहा वाजायला वीस मिनिटं होती. तो तासभर विदोसावा फोनशेजारी खुर्ची टाकून कोबीची पानं सोडवत बसली होती, हात लावायचा मोह होऊ नये म्हणून रिसीव्हरवर पातेल्याचं झाकण ठेवून. वरून तीन ठोके ऐकू आले तेव्हाच तिनं ते काढलं.

रविवारी संध्याकाळी स्रेदोयेनं दोन ठोके दिले, काउप्पिलाचं उत्तर वाचलं, आणि बराच वेळ तीन ठोके द्यायचेच विसरला.

सोमवारी विदोसावाच्या घरी पाहुणे बाराला यायचे होते. दहा वाजता बेल वाजली. तिनं अजून ॲप्रन सोडला नव्हता, मेणबत्ती लावायची होती. दारात स्रेदोये, कोट घालून, दाढी करून, काखेत घडीचा छोटा पट.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते त्यानंच दुरुस्त केलेलं होतं.

"हे पुढे गेलंय की काय?"

"नाही वहिनी. मी आलोय."

तो आत गेला. कोपऱ्यात संताच्या चित्राखाली लाझारचा फोटो होता. त्यापुढे त्यानं पट उघडला, सोंगट्या एकेक करून शेवटच्या जागी लावल्या, आणि उंट पुढे सरकवला. विदोसावा हात पुसत मागे येऊन उभी राहिली. बुद्धिबळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

"आम्ही दोघं," स्रेदोये म्हणाला.

तिनं काडी ओढली आणि त्याच्या हातात दिली. घरातल्या पुरुषानं लावायची ती मेणबत्ती त्या वर्षी स्रेदोयेनं लावली, दोन तास आधी.