बोडक्या हातांनी

हिंगोली, १९४६

हैदराबादच्या मेडिकल कॉलेजातल्या माझ्या वर्गमैत्रिणींनो,

आज सकाळचीच गोष्ट आहे, राग अजून उतरलेला नाही.

साखरा गावाहून बैलगाडीत एक अडलेली बाई आणली. बाळ आडवं होतं, पोट उघडल्याशिवाय सुटका नव्हती. हात धुण्याआधी मी साबण लावून काचेच्या बांगड्या उतरवल्या. तशी तिची सासू दारात आडवी आली.

"नवरा जिता असून हात बोडके? असल्या हातानं माझ्या सुनेला शिवू नका. परभणीचा डाक्टर बोलवा!"

"तो उद्याच्या लारीनं येईल. तोवर सून राहायची नाही," मी म्हणाले.

टेबलावरून सूनच ओरडली, "आत्याबाई, मी मरून राहिले अन् तुमी बांगड्या काहून बघता? सरका!"

सासू सरकली. तासाभरात पोरगी रडली. दोघी सुखरूप आहेत.

बाहेर आले तर सासूनं माझ्या बांगड्या पदरात धरलेल्या. "घाला आता, बाई."

"दुसरी गाडी आलीय," म्हणत मी पुन्हा साबण उचलला.

उद्यापासून मी घरूनच बोडक्या हातांनी निघणार. पत्र वाचून पुढचीला पाठवा, आणि खाली लिहा: माझ्यासोबत कोण कोण?