वाल्मीकअण्णांचे साडेपाच तास

माझे चुलत भाऊ वाल्मीकअण्णा लासलगावला कांद्याचे व्यापारी. आमच्या भावकीत त्यांच्याशिवाय सोयरीक जुळत नाही. जीभ गोड, हात सढळ, पण अंतर मोजायचं ते ट्रकवाल्यासारखं. गाव किती लांब ते सांगत नाहीत, पोचायला किती वेळ लागतो तेवढंच सांगतात.

माझ्या हर्षालीचं स्थळ त्यांनीच आणलं. मुलगा सिंगापूरला नोकरीला. मी नको म्हणाले.

"प्रतिभा, मुंबईत विमानात बसलं की साडेपाच तास. इथून पुण्याची बस तरी तेवढ्यात पोचती का?"

सगळे हसले आणि लग्न ठरलं. मधे एकोणचाळीसशे किलोमीटर आहेत, हे कुणी उच्चारलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सातव्या महिन्यात ती येणार होती. जावयाला रजा मिळेना, तेव्हा एकटीच निघते म्हणाली. अण्णा मधे पडले. "पोटुशी पोर एकटी? नाय. आता आठवा लागेल, आठव्यात प्रवास करत नाहीत. नवव्यात आणू." मी विचारलं, नवव्यात विमानात घेतील का? म्हणाले, "साडेपाच तासांचं काय घेऊन बसलीस!" आणि हर्षालीला, तिच्या सासूला परस्पर कळवूनही टाकलं.

काल विमान कंपनीने तिला नकार दिला. छत्तीस आठवड्यांच्या पुढे घेत नाहीत. पोरगी फोनवर हुंदके देत होती. मी अण्णांना बोलावून घेतलं. ते साळूबाई वहिनींसह आले.

"डॉक्टरची चिठ्ठी दिली तर..."

"नाही चालत, अण्णा. कांद्याची गोणी नाही ती, हमालाला सांगून चढवायला!"

"तुम्हाला पोट असतं म्हणजे कळलं असतं," वहिनी त्यांना म्हणाल्या. "आम्ही आठव्यातसुद्धा बैलगाडीनं गेलो होतो माहेरी."

"तुम्ही गप बसा," अण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच सांगा तिला. ते चाचरत बोलले. पलीकडून हर्षाली म्हणाली, "मामा, मग तुम्हीच या बाळंतपणाला. जवळच आहे ना?"

अण्णांनी फोन खाली ठेवला. मी जाते म्हटल्यावर मात्र लगेच मान वर झाली. "लेकीच्या घरी नातवंडं होईपर्यंत आई पाणी पीत नाही, प्रतिभा. विहीणबाई काय म्हणतील?"

माझा संताप आवरेना. ज्या रीतीने पोरीला तिथे अडकवून ठेवलं, तीच आता मलाही अडवणार? "पाणीच काय, तीन महिने तिथे जेवणार आहे मी. विहीणबाईंना तुम्ही सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी सांगितलं. विहीणबाई बोलत राहिल्या, अण्णा ऐकत राहिले. तेवढ्यात मी व्हिसाचा अर्ज पाठवून दिला.

व्हिसा आधी येतो की बाळ, ते कुणाला ठाऊक. अण्णा जाताना दाराशी घुटमळले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.