वरातीची पुली

आमच्या घरात रोज जेवताना मोटारीच्या पुलीवर चर्चा व्हायची, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण भाच्याच्या लग्नाआधी शालू, आहेर, केळवणं सगळं मागे पडलं होतं आणि अल्टरनेटरची पुली तेवढी पुढे होती. कारण माझी आई.

आईला ऑक्सिजन लागतो. नाकात नळी, आणि नळीला जोडलेलं दप्तराएवढं यंत्र. घरात ते भिंतीच्या प्लगवर चालतं, गाडीत चार्जरच्या सॉकेटवर. त्याची स्वतःची बॅटरी म्हातारी झाली आहे, आईच्या शब्दांत, "माह्यापेक्षा दमेकरी."

अमरावतीहून भातकुलीला एका बारशाला निघालो आणि ट्रॅक्टरांच्या रांगेमागे अडकलो, तेव्हा खरा घोळ कळला. गाडी जागेवर उभी, एसी चालू, यंत्र चालू. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटला आणि यंत्र कोकलायला लागलं. मी एसी बंद करून अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसले, तेव्हा कुठे ते गप्प झालं. 

हे अकोल्याला भावाच्या, म्हणजे नवरदेवाच्या बापाच्या, कानावर गेलं. त्याचा फोन आला की आईला थेट हॉलवर आण, वरातीत नको. वरातीत गाडी चालते मुंगीच्या पावलांनी, तिथे हे यंत्र चालायचं कसं? मला ते पटलं. आईला नाही.

"हॉलमंदी त खुर्च्याबी बसून रायते," ती म्हणाली. "मले वरातीत जायचं हाय."

आणि तिने अबोला धरला. भावाशी नाही, माझ्याशी. गाडी माझी होती ना.

दोन दिवसांत मी शरण गेले आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मिस्त्रींना गाठलं. त्यांच्या घरचं आणि आमचं लोणच्याचं जुनं देणंघेणं आहे. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं: इंजिनाचा पट्टा अल्टरनेटरची पुली, म्हणजे खाचांचं चाक, फिरवतो आणि त्यातून गाडीची वीज तयार होते. पुली लहान असली की ती जास्त फिरते, म्हणजे गाडी रेंगाळली तरी चार्जिंग पुरतं. मिस्त्री एकदम बारकी पुली घालायला निघाले होते. मी हुज्जत घातली, कारण वरातीपर्यंत पोचायला आधी हायवे लागतो, आणि तिथे बारक्या पुलीने अल्टरनेटर नको तितका फिरून त्याची बेरिंग खराब झाली असती. ते थोडे फुगले, पण मधल्या मापावर तडजोड झाली; हायवेवर मात्र गाडी हळूच चालवायची.

त्यांनी भंगार बाजारातून आणलेली पहिली पुली पाच खाचांची निघाली. पट्ट्याच्या धारी सहा. चालून जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी ती परत पाठवली. दुसरी सहा खाचांची, मापाला चोख, पण गाडी सुरू केली की अशी किंचाळायची की शेजारी गॅलरीत यायचे. आई अबोला विसरली आणि म्हणाली, पट्ट्याला साबण लाव. मी लावला. एक दिवस शांतता, मग पट्टा घसरायला लागला आणि लाल दिवा परत हजर.

मिस्त्रींनी पट्ट्याचा वास घेतला. "साबन कोनं लावला?" मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

त्यांनी नवा, जरासा आखूड पट्टा आणला आणि दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरली. आमची पुली नखभर बाहेर आली होती. मागची एक वॉशर काढली आणि किंचाळणं थांबलं. तेव्हापासून दर रविवारी बॉनेट उघडून पट्टा अंगठ्याने दाबायचा, चिरा पडल्यात का बघायचं, तेलाचा थेंब दिसला तर पुसायचा, हे माझं काम झालं. व्हरांड्यातून आई विचारायची, घट्ट आहे ना.

अकोल्याला आम्ही इतक्या हळू गेलो की मूर्तिजापूरपर्यंत ट्रकसुद्धा हॉर्न मारून पुढे गेले. बैलगाडीने आलो असतो तर बरं झालं असतं, असं आईने दोनदा ऐकवलं.

वरात निघाली. पुढे डीजे, मग नाचणारे, मग घोड्यावर भाचा आणि त्याच्यामागे आम्ही. मी रस्त्याकडे कमी आणि लाल दिव्याच्या जागेकडे जास्त बघत होते. दिवा पेटला नाही. निम्म्या वाटेवर डीजेचा जनरेटरच बंद पडला. नाचणारे हात वर करून तसेच उभे. भाऊ इकडून तिकडे पळत सुटला.

आई म्हणाली, "काचा खाली कर, आन आपल्या गाडीतलं गानं लाव."

मी तिला यंत्राची आठवण करून दिली. त्याच तारेवर तिचा श्वास आहे, हे मी जरा चिडूनच बोलले.

"मंग थे पुली काहून बसवली वो?"

मी एसी बंद केला, काचा उतरवल्या, गाणं लावलं, आवाज पूर्ण सोडला. लोक वळून आमच्या गाडीभोवती गोळा झाले. हॉलपर्यंत अख्खी वरात आमच्या बॉनेटपुढे नाचत गेली आणि आई नळी सावरत, खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून ताल धरत होती. मी गाडी चालवताना रडत होते, ते कोणाला दिसलं नाही.

परत आल्यावर मिस्त्री म्हणाले, आता जुनी पुली बसवून देतो, रोजच्या वापराला तीच बरी. मी हो म्हणणार, तेवढ्यात आई मागून बोलली, "राहू द्या. धाकट्याचं बाकी हाय अजून."

धाकटा भाचा बारावीत आहे. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मी बॉनेट लावलं आणि म्हटलं, राहू द्या. जुनी पुली कपड्यात गुंडाळून डिकीत ठेवली आहे, आणि हायवेवर मी अजूनही साठच्या वर जात नाही.