तोकड्या पडणाऱ्या दोन तारा

दिवाळीनंतरच्या रविवारी कडेगावला दादाच्या अंगणात आम्ही एका शिडाच्या होडीची डोलकाठी उभी केली. हो, कडेगावलाच... चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध होडी.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. फौजेतून रिटायर झाला आणि आता शेती बघतो. कोयनेच्या बॅकवॉटरला एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली जुनी कॅटामरान मालकाने त्याला देऊन टाकली. दोन लांब निमुळत्या नावा, मधे ताणलेली जाळी, वर शीड. परत आल्यापासून दादाने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. आता मात्र एकच धोशा... ही होडी पाण्यात घालायची आणि तुझ्या वहिनीला फिरवून आणायची.

मी साताऱ्याहून सुट्टीच्या दिवशी मदतीला जायचे. एक अट मात्र घातली होती. प्रत्येक सुटा भाग कशासाठी आहे हे कळल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही. कोयनेच्या खोऱ्यातला वारा कधी कसा सुटेल सांगता येत नाही, आणि भर पाण्यात डोलकाठी कोसळली तर...? दादाने निमूट मान्य केलं. त्यानंतर मलाच वाटत राहिलं, ही खरंच काळजी आहे की माझा नेहमीचा हट्ट?

व्हिडिओ बघून बघून बाकी सगळं जुळलं. उरल्या फक्त दोन तारा. रिसॉर्टच्या राखणदाराने त्यांच्यावर कपडे वाळत घातले होते, त्यामुळे आमच्याकडे त्या चिमट्यांसकट आल्या. वरचं टोक डोलकाठीच्या कडीत नेमकं बसायचं, म्हणजे होडीच्याच हे नक्की. खाली एक हँडल आणि त्याच्याखाली मधे आवळलेली, आठच्या आकड्यासारखी कडी. मोबाइलला फोटो दाखवला तर म्हणे व्यायामाचं सामान!

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा वेगळ्या होत्या, त्या आम्हाला सापडल्या होत्या. या दोन तारा नावेपर्यंत पोचतच नव्हत्या... चांगल्या हातभर तोकड्या.

"त्यात काय एवढं? उसाच्या ट्रॉलीची साखळी जोडतो खाली," दादा म्हणाला. "काठी आणखी मजबूत हुईल."

"पण दादा, बनवणाऱ्याने मुद्दाम तोकडी का ठेवली असेल?"

"आगं वैशे, तार संपली आसंल त्याची."

मी अडून बसले. त्याचा चेहरा पडलेला दिसत होता, तरीही.

त्या रविवारी निदान काठी उभी करून बघू असं ठरलं. आमच्याकडे जत्रेत देवाची उंच सासनकाठी उभी करतात, तशीच दादाने सगळ्यांची जागा ठरवली. मधे काठीशी तो, पुढून दोर धरायला मी, बाजूला शेजारचे दोघं. वहिनी नावेच्या कडेवर उभी राहिली आणि तिने त्या तोकड्या तारेचं हँडल पकडलं. का, तर हाताशी तेच होतं.

काठी अर्ध्यावर आली आणि वारा आला. काठी पलीकडे कलली.

"वड! मागं वड!" दादा ओरडला.

वहिनीने दोन्ही पाय नावेच्या काठावर रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. गुडघे ताठ, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर... काठी थांबली. जत्रेत सासनकाठीचा दोर धरणारे गडी असेच अंग टाकतात, लहानपणापासून बघत आलेय. वहिनीच्या कमरेशी ती आठच्या आकड्याची कडी हलत होती.

मी दोर धरून तशीच उभी. तार तोकडी नव्हती... ती माणसापर्यंत पुरती पोचत होती.

काठी पक्की बांधल्यावर मी पुन्हा व्हिडिओ शोधले, या वेळी होडीबाहेर लटकणाऱ्या माणसाचे. मिळाले! कमरेला पट्टा, पट्ट्याला हुक, हुकात ती कडी. वाऱ्याने होडी कलली की माणूस बाहेर पाण्यावर आडवा होतो आणि आपल्या वजनाने तिला तोलून धरतो.

आम्ही तिघं त्या एवढ्याशा स्क्रीनवर वाकून बघत होतो.

"आवं, म्हंजे तुमी मला साखळीनं बांधणार हुता व्हय?" वहिनीने दादाला विचारलं.

"तुला न्हाई गं, काठीला..." दादा एवढंच म्हणाला आणि हसत सुटला.

मग पट्टा आणला. दादा बॅकवॉटरला जाऊन सुकाणू शिकून आला, वहिनीने अंगणातच लटकायची प्रॅक्टिस केली. लहानपणी ती विहिरीत पोहायला शिकली होती, म्हणून मी हो म्हटलं. तरी लाइफ जॅकेटचे बंद मीच तपासले... दोनदा.

काल मेढ्यावरून घाटापलीकडे उतरून होडी पाण्यात घातली. मी मागे मोटरबोटीत होते. वारा भरला तशी वहिनीच्या बाजूची नाव पाण्यातून उचलली गेली. वहिनीने कडी अडकवली, काठावर पाय रोवले आणि हळूच मागे गेली. पन्नाशीची बाई, खाली कोयनेचं पाणी, पाठीशी डोंगर... आणि उचललेली नाव खाली बसली. होडी सरळ झाली आणि सुटली.

ज्याने ही होडी आखली त्याने एवढं सगळं लोखंड-ॲल्युमिनियम जुळवलं आणि शेवटचा भाग म्हणून एका जिवंत माणसाची जागा सोडली. त्याला मी ओळखत नाही, पण काल त्याला मनोमन नमस्कार केला.

किनाऱ्याला आल्यावर दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ही भाईर गेली आन् होडी लय हलकी झाली बघ."

वहिनी होडीवर असो की होडीबाहेर लटकलेली, वजन तेवढंच राहतं. हे मला माहीत होतं. या वेळी मात्र मी अडून बसले नाही.