चिमणीच्या दातांची गोळी

शेंगदाण्यानं माणूस मरू शकतं, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते. आमच्या सुलतानपूरला भुईमूग निघायच्या दिवसांत पोरं दिवसभर ओल्या शेंगा खायची, संध्याकाळी पोट धरून बसायची आणि सकाळी परत शेतात. भाजीत कूट, चटणीत दाणे, उपासाला दाणे, पाहुणा आला तर गुळासोबत दाणे. शेंगदाणा हे काही वेगळं खाणं आहे असं आम्ही धरतच नव्हतो.

त्यामुळे जून महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्या दुसरीच्या वर्गाच्या दारात उभी राहिली आणि बोलू लागली, तेव्हा मला ते लाड वाटले. बाईचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. हाताच्या नखांत माती होती, आणि मुलीचा दंड तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"बाई, हिले दाना चालत नाई. येक दाना पोटात गेला तरी तोंड सुजते, अंगावर गांधी उठतात, दम कोंडते. मांगच्या वर्षी लग्नात चिवडा खाल्ला तं पोट्टी निळी पडली होती. सासू म्हने नजर लागली. मी म्हनलं, नजर काऊन दान्यातूनच लागते?"

"मग आधीच्या शाळेतून काढली कशाला?"

"तिथं पोट्ट्यांनी मुद्दाम चारला दाना. पाहू काय होते म्हून. इथल्या सिस्टरपाशी दवाखाना आहे म्हनतात. तुमच्या भरोशावर सोडून राह्यली, बाई."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वर्गातल्या भिंतीवर नकाशा अजून जुनाच होता आणि मीही ट्रेनिंग संपवून नुकतीच या मिशनच्या प्राथमिक शाळेत लागले होते. शाळा सिस्टर लोकांची, पोरी बहुतेक आसपासच्या शेतकऱ्यांच्या, आणि मी एकादशी न चुकवणारी. नोकरी पक्की व्हायची होती. मी तापट होते, हुशार आहे असा माझा समज होता, आणि कुणी मला काही शिकवलेलं मला खपत नसे.

मी त्या दोघींना घेऊन मोठ्या सिस्टरकडे गेले ते सिस्टर हसतील या आशेनं. त्या हसल्या नाहीत. त्या मूळच्या केरळच्या, आधी नर्स होत्या आणि शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत दवाखाना चालवायच्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या आणि पुस्तकासारखीच बोलायच्या. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, तिचा श्वास ऐकला, आणि मग मला म्हणाल्या, "याला अ‍ॅलर्जी म्हणतात. हिचे शरीर शेंगदाण्याला शत्रू समजते. एक कण पुरेसा आहे. दर शुक्रवारी नीतिपाठात हे शिकवा. दर शुक्रवारी, कारण मुले सोमवारपर्यंत विसरतात."

शुक्रवारचा शेवटचा तास नीतिपाठाचा. ख्रिस्ती मुली तेव्हा प्रार्थनाघरात सिस्टरांकडे धर्मशिक्षणाला जायच्या, आणि उरलेल्यांना मी खरं बोलावं, नखं कापावीत, चोरी करू नये वगैरे शिकवायचं. शेवटी प्रत्येकीनं पाटीवर एक ओळ लिहायची, आज मी काय शिकले. त्या पाठात आता शेंगदाणा आला.

शिकवायला उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की मला यातलं काहीच कळलेलं नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाला सात वर्षांच्या पोरींनी कसं घाबरायचं? मग मला जे घरी शिकवलं होतं तेच मी शिकवलं. कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही. खरकट्या हातानं हिला शिवायचं नाही. डबा खाऊन झाला की चूळ भरायची, हात धुवायचे. पोरींना हे चटकन कळलं, कारण त्यांच्याही घरी हेच चालायचं. मी खूश झाले. सिस्टरना सांगितलं, वर्ग तयार झाला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्या टेबलाशी एकटी बसून जेवायची. भाकरी, वांग्याची नाहीतर मेथीची भाजी, आईनं स्वतःच्या देखरेखीखाली केलेली. बाकीच्या चाळीस पोरी व्हरांड्यात गोल करून एकमेकींच्या डब्यात हात घालत बसायच्या. ही मान वळवून वळवून तिकडे बघायची. महिन्याभरात एक पालक मला विचारायला आला, ती वेगळी बसते ती पोरगी कोणत्या जातीची? मी त्याला असं झापलं की तो पुन्हा शाळेकडे फिरकला नाही. पण त्याच आठवड्यात तिनंच घास हातात धरून मला विचारलं, "बाई, मी बाटली काय?"

सात वर्षांची पोर. वर्गात सगळ्यांत भरभर वाचणारी, पुढचा धडा घरून वाचून येणारी. "जेव मुकाट्यानं," म्हणाले, आणि दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिची एकच मैत्रीण होती, बाकावर शेजारी बसणारी, किराणा दुकानदाराची मुलगी. हिच्या फ्रॉकच्या खिशात दुकानातल्या बरणीतली लिमलेटची गोळी कायम असायची. एका शुक्रवारी नीतिपाठात तिनं बोट वर केलं. "बाई, मी हिले गोळी देऊ काय? गोळीत दाना नसते."

"उष्टी नाही द्यायची."

"नाई बाई, चिमनीच्या दातानं तोडून देईन."

चिमणीचे दात म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. एक गोळी दोघींत वाटायची तर ती फ्रॉकच्या घेरात धरायची आणि वरून दातांनी फोडायची. मध्ये कापड आलं की ती उष्टी होत नाही. मी लहानपणी बहिणींसोबत अशीच वाटून खाल्ली होती. वर्गातल्या सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि ती मुलगीही बघत होती, ओठ घट्ट मिटून. एकदा तरी तिला कुणाबरोबर काही खाता यावं असं मला फार वाटलं.

"चालेल," मी म्हणाले. "चिमणीच्या दातानं चालेल."

त्या दिवशी तिनं पाटीवर लिहिलं, 'आज मी शिकले की मला गोळी चालते.' मी त्यावर 'छान' असा शेरा दिला.

पुढे सहा महिने सगळं ठीक चाललं. संक्रांत जवळ आली तशी मी जास्तच दक्ष झाले. घरोघर निरोप धाडले, तिळगूळ शाळेत आणायचा नाही. सकाळी दारात उभी राहून खिसे तपासले. दुकानदाराच्या मुलीच्या खिशात गोळीच होती. खिसे तपासले, पण फ्रॉकचा घेर बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्या सकाळी शाळेत येताना तिनं घरचा गूळदाण्याचा लाडू खाल्ला होता. अर्धा धाकट्या बहिणीला दिला होता, रीतसर, घेरात धरून, चिमणीच्या दातांनी. शाळेच्या फाटकाशी दोन्ही हात धुतले, चूळ भरली. मी शिकवलेलं सगळं तिनं केलं. आणि मधल्या सुट्टीत त्याच घेरात गोळी धरून फोडली, अर्धी मैत्रिणीला दिली.

वर्ग भरल्यावर मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून खोकल्याचा आवाज आला. वळून बघते तर मळ्यातल्या मुलीचा वरचा ओठ सुजलेला, गळ्यावर लाल गांधी, आणि ती दोन्ही हातांनी गळा खाजवत होती. "बाई," म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता.

मी तिला उचललं आणि पळाले. दवाखान्याच्या खोलीचं दार उघडं, औषधाचं कपाट बंद, किल्ली सिस्टरांच्या कमरेला आणि सिस्टर मैदानापलीकडे प्रार्थनाघरात. ते मैदान मी रोज चालत ओलांडायची. त्या दिवशी ते संपेना. माझ्या कानाशी तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, मग शिट्टीही बारीक होत गेली. मी ओरडत होते, काय ओरडत होते मला माहीत नाही. येशूला हाक मारली असेल, विठ्ठलालाही मारली असेल. पायातली एक चप्पल कुठे गेली ते कळलं नाही.

सिस्टर आवाज ऐकून समोरून धावत आल्या. तिथेच मातीत मुलीला आडवं केलं, मला किल्ली दिली, "वरचा कप्पा, लहान पेटी," म्हणाल्या. मी परत पळाले. कुलूप उघडेना, किल्ली दोनदा उलटी घातली. पेटी घेऊन आले तेव्हा मुलीचे ओठ निळे होते. सिस्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. आम्ही वाट बघितली. काही झालं नाही. त्यांनी दुसरं दिलं. मी तिचे पाय धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, आईला काय सांगू, आईला काय सांगू.

मग तिनं एक लांब, घोगरा श्वास ओढला. त्यामागून दुसरा. सिस्टर मातीतच बसून रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आई बाजारातून आली. मेथी सोडून आली असावी, पदराला पानं चिकटलेली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, सिस्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरीला खांद्यावर घेऊन गेली.

सिस्टर वर्गात आल्या. "हिला कोणी काय दिले?" दुकानदाराची मुलगी उभी राहिली. "मी दिली गोळी." सिस्टरांनी तिच्या फ्रॉकचा घेर हातात घेतला, नाकाशी नेला, नखानं खरवडला. गुळाचा चिकट डाग होता, त्यात दाण्याचा चुरा. पोरगी माझ्याकडे बघत होती. बाई आता सांगतील, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी गप्प राहिले. नोकरी पक्की व्हायची होती म्हणून मी एका सात वर्षांच्या पोरीला एकटी उभी ठेवली. याला दुसरं नाव नाही.

आठवडा गेला, मुलगी आली नाही. शनिवारी मी मळ्यावर गेले. आई वांगी तोडत होती. मी म्हणाले, आता कुणीच काही देणार नाही, मी स्वतः बघीन, हवं तर आठवड्याचा अभ्यास घरी आणून देईन. ती तोडतच राहिली.

"तुमचा राग नाई, बाई. सिस्टरनं जीव वाचवला. पन तुमच्या वर्गात चाळीस पोट्ट्या, चाळीस घरच्या चुली. इथं येकच चूल हाये, आन् त्या चुलीपाशी मी हाये." मग थांबून तिनं विचारलं, "कपड्यातून तोडलं तं चालते, हे त्या पोट्टीले कोनं सांगतलं?"

"लहान आहे हो ती," मी म्हणाले.

मुलगी वाफ्याच्या कडेला बसून ऐकत होती. तिला सगळं माहीत होतं. ती त्या शुक्रवारी वर्गात होती. पण तिनं माझं नाव घेतलं नाही. मी निघाले तेव्हा मागून तिचा आवाज आला, "बाई, काल नीतिपाठात काय शिकवलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सुट्टी होती."

सुट्टी नव्हती.

इकडे वर्गात दुकानदाराच्या मुलीशी कुणी बोलेना. "हिनंच मारलं होतं तिले," असं व्हरांड्यात चालायचं. ती रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची आणि फ्रॉकचा घेर दोन्ही हातांत धरून दाखवायची. ओला, पिळलेला. थंडीचे दिवस, कापडाचं पाणी गुडघ्यांवर ओघळत असायचं. "बाई, आज पन धुतला. आता येईन काय ती?"

"बस जागेवर," मी म्हणायची.

असे तीन आठवडे मी तिला बसवलं. चौथ्या शुक्रवारी नीतिपाठाला मी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्या पोरींसमोर उभी राहिले आणि म्हणाले की चिमणीच्या दातानं चालेल हे मी सांगितलं होतं. हिनं चोरून काही केलं नाही. बाईंनी सांगितलं तसंच केलं. चूक माझी आहे, आणि सिस्टरांनाही मी ते आज सांगणार आहे. पोरी घाबरून बघत राहिल्या. मोठं माणूस असं म्हणतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मग सगळ्यांनी पाट्या काढल्या, कारण शेवटी ओळ लिहायचीच असते. दुकानदाराच्या मुलीची पाटी कोरी होती.

सिस्टरांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. मळ्यावर जाऊन आईला सांगायचं मात्र माझ्यानं झालं नाही, आजपर्यंत नाही. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. पुढचे धडे तिला कुणी वाचायला दिले की नाही, मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी मी हजेरी उघडली. दुकानदाराची मुलगी टेबलाशी आली. मला वाटलं, आता ती मोकळी झाली असेल. तिनं दोन्ही हातांत फ्रॉकचा घेर धरून पुढे केला. तो ओलाच होता.